ग्रंथींचा तक्ता आणि समुद्रातले निरोप

‘संप्रेरके म्हणजे काय?’ या प्रश्नाला आपल्या वर्गांतून वर्षानुवर्षे एकच उत्तर येते. नलिकाविरहित ग्रंथींतून पाझरणारी आणि रक्तावाटे शरीरभर जाणारी रसायने म्हणजे संप्रेरके. या उत्तरापाठोपाठ तक्ता येतो. ग्रंथीचे नाव, तिचे स्थान, संप्रेरकाचे नाव आणि कार्य. राज्य मंडळाचे नववीचे जे विज्ञानाचे पुस्तक २०१७ साली आले, त्यातही हीच मांडणी होती. त्यापूर्वी शिकून बाहेर पडलेल्यांनाही हा तक्ता थोड्याफार फरकाने पाठ असतो.

हे उत्तर चूक नाही. माणसाच्या शरीराबद्दल ते बरेचसे खरे आहे. आमची तक्रार वेगळी आहे. या मांडणीत संप्रेरक ही कल्पना ग्रंथीला आणि रक्ताला इतकी घट्ट बांधली जाते की, मूळ गोष्ट बाजूला पडते. संप्रेरक हा एक निरोप आहे. तो कोणी तरी पाठवतो, कोणी तरी घेतो, आणि घेणारा त्याप्रमाणे वागतो. तक्त्यात पाठवणाऱ्याला रकाना आहे, निरोपाला रकाना आहे, परिणामाला रकाना आहे. घेणाऱ्याला रकानाच नाही.

ही उणीव नीट दिसावी म्हणून या लेखात आम्ही वाचकांना समुद्रात नेणार आहोत. ज्या शिरूर कासार तालुक्यात आम्ही शिकवतो, तेथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. सिंदफणेच्या काठच्या मुलांनी जेलीफिश पाहिला तर चित्रातच. मग एवढ्या लांब कशासाठी जायचे? कारण ज्यांना ग्रंथी नाहीत, रक्त नाही आणि मेंदूही नाही, असे प्राणी तेथे आहेत. आणि तरीही त्यांच्यात निरोप जातात-येतात.

पहिल्याच संप्रेरकाची अडचण

समुद्राकडे जाण्यापूर्वी इतिहासातील एक गोष्ट पाहू. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्यावर एक प्रयोग केला. जठरातील आम्ल लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागतो, हे माहीत होते. हा निरोप मज्जातंतूंमार्फत जातो अशी तेव्हाची समजूत होती. या दोघांनी आतड्याच्या एका भागाकडे जाणारे सर्व मज्जातंतू कापले आणि त्या भागात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहिला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लासह कुटले आणि तो अर्क रक्तात टोचला. पुन्हा रस वाहिला. या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन असे नाव दिले. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी वापरला तो त्यानंतर, १९०५ साली.

आता हे सिक्रेटिन तक्त्यात कोठे बसवायचे? ते एखाद्या ग्रंथीतून येत नाही. लहान आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या सुट्या पेशी ते तयार करतात. ज्या पदार्थामुळे ही संपूर्ण कल्पना जन्माला आली, तोच पदार्थ ‘नलिकाविरहित ग्रंथी’ या व्याख्येत मावत नाही. व्याख्या सोपी करण्याच्या नादात आपण पहिले उदाहरणच दाराबाहेर ठेवले आहे.

सिक्रेटिन हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. प्रथिने ही अशीच माळ असते, पण पुष्कळ लांब. सिक्रेटिनच्या माळेत २७ मणी असतात. प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनमध्ये ९ आणि इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या मिळून ५१. मण्यांचा क्रम बदलला की निरोप बदलतो. अशा माळा तयार करायला ग्रंथीची गरज नसते, पेशी पुरेशी असते. ही गोष्ट समुद्रातील प्राणी आपल्याला अधिक स्वच्छपणे दाखवतात.

ग्रंथी नाही, रक्त नाही, तरी निरोप आहे

क्लायटिया नावाचा एक जेलीफिश आहे. आकाराने एक-दोन सेंटिमीटर, काचेसारखा पारदर्शक. हा प्राणी अंधारानंतर उजेड पडला की सुमारे दोन तासांनी पाण्यात अंडी सोडतो. नर आणि मादी एकाच वेळी आपापली बीजे सोडतात, म्हणून पाण्यात त्यांची गाठ पडते. वेळ चुकली तर बीज फुकट जाते. म्हणजे येथे वेळेवर पोचणाऱ्या निरोपाला जीवनमरणाचे महत्त्व आहे.

हा निरोप कोणता, हे फ्रान्स आणि जपानमधील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. ती अवघ्या चार ते सहा अमिनो आम्लांची पेप्टाइडे आहेत. जननांगाच्या पातळ आवरणात काही चेतापेशी असतात. याच पेशींना उजेड कळतो आणि याच पेशी पेप्टाइड सोडतात. ते शेजारच्या बीजांडापर्यंत पोचते आणि बीजांड पक्व होऊ लागते. पुढे २०२० साली बीजांडाच्या पृष्ठभागावरचा तो रेणूही सापडला, ज्याला हे पेप्टाइड जाऊन चिकटते. अशा रेणूला ग्राही म्हणतात. या ग्राहीचे जनुक निकामी केलेल्या जेलीफिशमध्ये निरोप पाठवला जात असूनही बीजांडे पक्व झाली नाहीत. पाठवणारा होता, निरोप होता, घेणारा नव्हता.

येथे ग्रंथी कोठे आहे? रक्त कोठे आहे? दोन्ही नाही. उरले ते तिघे: पाठवणारी पेशी, पेप्टाइड आणि ग्राही. संप्रेरक या कल्पनेचा गाभा एवढाच आहे.

तारामाशाची गोष्ट अधिक लांबीची आणि म्हणूनच वर्गात सांगण्यासारखी आहे. तारामाशाच्या भुजांतून जाणाऱ्या मज्जारज्जूचा अर्क त्याच्या शरीरात टोचला तर तो अंडी सोडतो, हे १९५९ साली लक्षात आले. १९६९ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की, येथे निरोप दोन टप्प्यांनी जातो. मज्जारज्जूतील पदार्थ बीजांडाभोवतीच्या पेशींना जागे करतो, आणि त्या पेशी १-मिथाइलअडेनीन नावाचा दुसरा छोटा रेणू सोडतात. बीजांडाला पक्व करतो तो हा दुसरा रेणू. आपल्याकडे मेंदूखालची पीयूषिका अंडाशयाला निरोप देते आणि अंडाशय पुढे दुसरा निरोप सोडते, त्याचीच ही साधी आवृत्ती म्हणता येईल. मात्र मज्जारज्जूतून येणारा पहिला पदार्थ नक्की कोणता, हे कळायला २००९ साल उजाडावे लागले. तो रिलॅक्सिन या कुळातील पेप्टाइड निघाला. रिलॅक्सिन आपल्याला सस्तन प्राण्यांच्या गर्भारपणातून माहीत होते. गिनीपिगमध्ये प्रसूतीपूर्वी कमरेच्या हाडांमधले बंध सैल करणारा पदार्थ म्हणून १९२६ साली त्याचा शोध लागला होता. त्याच कुळातील एक माळ तारामाशात अंडी सोडण्याचा हुकूम देते.

याहून साधा प्राणी हवा असेल तर ट्रायकोप्लॅक्स आहे. १८८३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मत्स्यालयाच्या काचेवर तो प्रथम दिसला. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा हा चपटा जीव. त्याला तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, एकही चेतापेशी नाही. अंगाखालच्या केसांसारख्या रोमकांच्या हालचालीने तो सरकतो आणि शेवाळ सापडले की थांबून ते पचवतो. हे थांबणे कसे घडते? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या काही सुट्या पेशी एक छोटे पेप्टाइड सोडतात आणि त्यामुळे रोमकांची हालचाल बंद पडते. हे पेप्टाइड पाण्यात मिसळले तर शेवाळ नसतानाही ट्रायकोप्लॅक्स थांबतो. म्हणजे मज्जातंतू नसलेल्या प्राण्यातही पेप्टाइडचा निरोप चालतो. पाठ्यपुस्तकात चेतासंस्था आधी आणि संप्रेरके नंतर, या क्रमाने धडा येतो. निसर्गातही हाच क्रम होता, असे विद्यार्थ्यांनी समजू नये.

दहावीच्या वर्गीकरणाच्या धड्यात रंध्री आणि निडारिया हे संघ सुरुवातीला येतात. सममिती, देहगुहा, उदाहरणे एवढे लिहून आपण पुढे सरकतो. ‘कनिष्ठ’ आणि ‘साधे’ हे शब्द तेथे सहज तोंडी येतात. शरीराची रचना साधी आहे, हे खरे. पण संदेशवहन साधे आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही. नववीचा धडा आणि दहावीचा धडा यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे, ती पाठ्यपुस्तकाने बांधलेली आहे.

निरोपाचा अर्थ कोणाकडे असतो?

आणखी एक उदाहरण हायड्राचे. हा जेलीफिशचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. हायड्रा आपल्या शुंडकांवरील दंशपेशींनी भक्ष्याला टोचतो आणि मग तोंड उघडतो. तोंड उघडण्याची खूण कोणती? १९५५ साली लूमिस यांनी दाखवले की, ती खूण म्हणजे ग्लुटाथायोन. हे तीन अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड आहे. भक्ष्याच्या जखमेतून ते पाण्यात झिरपते. भक्ष्य नसताना पाण्यात थोडेसे ग्लुटाथायोन मिसळले तरी हायड्रा शुंडके आत वळवून तोंड उघडतो. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, ते फायसेलियाचे. त्यातले भक्षक जीवही ग्लुटाथायोनला असाच प्रतिसाद देतात.

हे संप्रेरक नव्हे, कारण निरोप प्राण्याच्या स्वतःच्या शरीरातून येत नाही. परंतु एक महत्त्वाची गोष्ट यातून समजते. ग्लुटाथायोन आपल्याही पेशीपेशींत असते आणि तेथे त्याचे काम निराळेच आहे. अपायकारक ऑक्सिडीकरणापासून पेशींना जपणे. रेणू तोच, पण हायड्राला त्याचा अर्थ ‘जेवण आले’ असा लागतो. हा अर्थ रेणूत लिहिलेला नसतो, तो घेणाऱ्याच्या ग्राहीत असतो. म्हणूनच तक्त्यात घेणाऱ्याचा रकाना नसणे ही छपाईची बारीकशी उणीव नाही. त्या रकान्याशिवाय तक्त्याला अर्थच येत नाही.

उत्साहाची चूक

आता उलट बाजूही पाहिली पाहिजे. ‘हायड्रापासून माणसापर्यंत सगळीकडे तीच संप्रेरके’ असे वाक्य ऐकायला छान वाटते आणि विज्ञानप्रसाराच्या लेखांतून ते वारंवार भेटते. या वाक्यावरही आमचा आक्षेप आहे.

हायड्राचे डोके कापले तर नवे डोके येते. हे घडवणारा पदार्थ म्हणून जर्मनीतील चिका शालर यांनी १९७३ साली ‘हेड अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाचे पेप्टाइड वेगळे केल्याचे जाहीर केले. १९८१ साली त्याचा ११ अमिनो आम्लांचा क्रम प्रसिद्ध झाला. तो समुद्रफुलातून मिळवला होता, आणि माणसाच्या मेंदूतही नेमके तेच पेप्टाइड आहे असे त्याच सुमारास सांगण्यात आले. साहजिकच या शोधाचा गाजावाजा झाला. पुढे २०१० साली हायड्राचा जनुकसंच वाचून झाला. पेप्टाइड हे मोठ्या प्रथिनातून कापून तयार होते आणि त्या प्रथिनाचे जनुक असावे लागते. हेड अ‍ॅक्टिव्हेटरचे जनुक मात्र हायड्राच्या जनुकसंचात मिळाले नाही. जपानमध्ये १९९०च्या दशकात हायड्रातील पेप्टाइडे पद्धतशीरपणे वेगळी करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातून अनेक पेप्टाइडे हाती आली, पण हे त्यांत नव्हते.

या गोष्टीतून शालर यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळी जनुकसंच वाचण्याची सोयच नव्हती. परंतु शिक्षकांना यात एक उत्तम धडा आहे. साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले असे नाही. जनुक दाखवा, ग्राही दाखवा, तो निकामी केल्यावर काय होते ते दाखवा. क्लायटियाच्या बाबतीत या तिन्ही पायऱ्या चढल्या गेल्या, म्हणून त्या निष्कर्षावर आपण विसंबतो.

नाते तपासायचे कसे, याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक हायड्रावर दीर्घकाळ काम केले. या हायड्राचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले असून त्याच्या नावातच ‘पुणे’ आहे. त्याआधी २०१० साली त्यांनी जपानी सहकाऱ्यांच्या साथीने हायड्रातील नॉगिन नावाच्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. नॉगिन हे संप्रेरक नव्हे. भ्रूणाच्या वाढीत पेशींमधील एक ठरावीक निरोप अडवणारे ते प्रथिन आहे. हायड्रा आणि बेडूक यांचे नॉगिन सारखे दिसते, एवढे सांगून हे संशोधक थांबले नाहीत. हायड्राच्या नॉगिनचा संदेशवाहक आरएनए त्यांनी बेडकाच्या भ्रूणात टोचला, तेव्हा भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष तयार होऊ लागला. हायड्राचा शब्द बेडकाला समजला! साम्य आणि नाते यांत फरक करायचा तो असा, प्रयोगाने.

तक्त्याची किंमत

येथे एखादा शिक्षक विचारील, हे सर्व ठीक. पण शिरूर कासारच्या नववीच्या मुलीला घेणाऱ्याचा रकाना असला काय आणि नसला काय, फरक काय पडतो?

आमच्या मते, तिलाच सर्वांत जास्त फरक पडतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून कोयते निघतात. उचल घेतलेली जोडपी मुकादमाबरोबर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. संप्रेरकांचा धडा पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे. तो शिकवायची वेळ येते तेव्हा वर्गातली काही बाके रिकामी असतात. जी मुले मागे राहतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या आया फडात असतात. याच बीड जिल्ह्यात डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

यामागे गरिबी आहे, खाडा झाला की कापली जाणारी मजुरी आहे, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणे आहे, आणि वैद्यकीय व्यवहाराचे प्रश्नही आहेत. केवळ एक धडा नीट शिकवल्याने हे सुटणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. पण या व्यवहारात एक शब्द सतत कानावर येतो. ‘पिशवी काढली.’ पिशवी म्हणजे जणू रिकामी झालेली, आता नको असलेली वस्तू. पिशवीबरोबर अंडाशये काढली की ठेवली, हे पुष्कळदा त्या बाईला ठाऊक नसते, आणि ते विचारायला हवे हेही ठाऊक नसते.

येथे निरोपाची कल्पना कामाला येते. गर्भाशय हे मुख्यतः निरोप घेणारे आहे. अंडाशये ही निरोप पाठवणारी आहेत. घेणारे गेले तर पाळी थांबते, पण अंडाशये जागेवर असतील तर इस्ट्रोजेन तयार होत राहते. मात्र ती वेळेआधी थकण्याचा धोका वाढतो. पाठवणारी गेली तर इस्ट्रोजेन एकदम घटते, आणि त्याची वाट पाहणारे बाकीचे घेणारे, हाडे, रक्तवाहिन्या, त्वचा, मेंदू, सगळेच निरोपाविना राहतात. ऐन तिशीत हाडे ठिसूळ होऊ लागणे म्हणजे काय, हे मोळ्या उचलणाऱ्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. तक्ता पाठ असलेली मुलगी ‘अंडाशय – इस्ट्रोजेन’ एवढे लिहून एक गुण मिळवील. निरोप समजलेली मुलगी आईबरोबर दवाखान्यात गेली तर विचारील, ‘डॉक्टर, पिशवीच काढणार की अंडाशयेही? आणि कशासाठी?’ या दोन मुलींमधले अंतर म्हणजे त्या गाळलेल्या रकान्याची किंमत.

मग करावे काय?

पुस्तक बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. फळ्यावर तक्ता काढताना आणखी एक उभी रेघ मारावी आणि ‘घेणारा’ हा रकाना घालावा. इन्सुलिनपुढे यकृत, स्नायू आणि मेद. ऑक्सिटोसिनपुढे गर्भाशय आणि स्तन. रकाना भरताना मुलांच्या आपोआप लक्षात येईल की, एका निरोपाचे घेणारे अनेक असतात आणि प्रत्येक जण त्याचा अर्थ वेगळा लावतो. मग तक्त्याच्या खाली तीन ओळी वाढवाव्यात: आतड्यातील सिक्रेटिन, तारामासा आणि जेलीफिश. ग्रंथीच्या रकान्यात तेथे ‘नाही’ असे लिहावे. व्याख्येत कोणता शब्द बदलायला हवा, हे मुलांनाच विचारावे. ‘ग्रंथी’च्या जागी ‘पेशी’ हा शब्द ती स्वतः सुचवतील, असा आमचा विश्वास आहे.

प्रश्नपत्रिकेतही ‘नावे लिहा’ याऐवजी वेगळे प्रश्न घालता येतील. निरोप पाठवणारा काढला तर काय होईल? घेणारा काढला तर काय होईल? दोन्ही शाबूत आहेत, पण ग्राही बिघडला आहे, तर तपासणीत निरोप कमी दिसेल की भरपूर? मधुमेहाच्या एका प्रकारात इन्सुलिन असूनही उपयोग होत नाही, हे कोडे या तिसऱ्या प्रश्नातून उलगडू लागते. असे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत, आणि ते सोडवायला प्रयोगशाळाही लागत नाही.

रिकाम्या बाकांवरची मुले वसंतात परततील, तेव्हा हा एवढा भाग त्यांच्यासाठी पुन्हा घ्यावा. तास एकच लागतो. वर्षाच्या नियोजनात तो आधीच लिहून ठेवला, तर तो नक्की होतो.